डॉ. विल्यम विदरिंग : औषधाचे माप शोधणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. माझे विषय इतिहास आणि मराठी. औषधांविषयी लिहिण्याचा तुला काय अधिकार, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे मी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज डॉक्टरापर्यंत जाऊन पोहोचले. त्यांचे चरित्र आपल्या अंकासाठी लिहावे असे तेव्हापासून मनात होते. मात्र आमच्या घरची ती गोष्ट आधी सांगितल्याशिवाय हे चरित्र मला का सांगावेसे वाटले ते कळणार नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई सहीपुरती साक्षर. त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्या हाती येतो. विजेचे बिल असो, सोसायटीची नोटीस असो, लग्नपत्रिका असो की डॉक्टरांची चिठ्ठी, वाचायची मी. घरातल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आणि खरे सांगायचे तर मलाही.

आजीचे पाय सुजू लागले होते. चार पावले चालली की दम लागे. रात्री आडवे होता येत नसे म्हणून पाठीशी गोधड्यांची चळत लावून ती बसूनच झोपायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला नेऊन तिला दाखवले. डॉक्टरांनी तपासले, हृदय थकले आहे म्हणाले आणि तीन-चार गोळ्या लिहून दिल्या. त्यांतल्या एका गोळीच्या नावापुढे ५/७ असे लिहिले होते. मी ती तारीख समजले. पाच जुलै. आम्ही गेलो होतो तेही त्याच सुमाराला, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. आजीला मी सांगितले की ही गोळी रोज सकाळी एक घ्यायची.

सूज उतरली. नागपंचमीला आजी स्वतःच्या पायांनी वारुळापर्यंत गेली. त्या लहान पांढऱ्या गोळीवर तिची श्रद्धाच बसली. पुढे पायांवर पुन्हा जराशी सूज दिसली तेव्हा रात्री आणखी एक घेऊ का, असे तिने मला विचारले. मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. ज्याने गुण आला ते थोडे जास्त घेतले तर बिघडले कुठे, असे मलाही वाटले.

गणपतीच्या दिवसांत तिचे अन्न तुटले. मोदकाचा वाससुद्धा सहन होईना. उलट्या सुरू झाल्या. आणि एके संध्याकाळी ती म्हणाली की दिवा असा हळदीसारखा का दिसतो आहे. आम्हाला वाटले कावीळ झाली. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले तर तिथल्या डॉक्टरांनी प्रथम तिची नाडी धरली, मग चिठ्ठी मागितली, आणि आम्ही काही सांगण्याआधीच विचारले की आजींना सगळे पिवळे दिसते का. मला आश्चर्य वाटले. मग त्यांनी मला चिठ्ठीवरच्या ५/७ चा अर्थ सांगितला. आठवड्याच्या सात दिवसांतले पाच दिवस गोळी घ्यायची, दोन दिवस नाही.

आजी बरी झाली. गोळी बंद केली, रक्त तपासले, काही दिवस ठेवून घेतले आणि घरी सोडले. निघताना त्या डॉक्टरांनी मला सांगितले की या गोळीचा पूर्वज एक फुलझाड आहे, आणि हे पिवळे दिसणे १७८५ साली ज्यांनी लिहून ठेवले त्या विदरिंग नावाच्या माणसाविषयी, इतिहासाची विद्यार्थिनी आहेस तर, अवश्य वाच. कॉलेज उघडल्यावर मी वाचायला बसले. इंग्रजीच्या आमच्या सरांनी त्या जुन्या इंग्रजीतून वाट काढायला मदत केली, तिचे ऋण इथेच मानते.

विल्यम विदरिंग यांचा जन्म १७४१ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या वेलिंग्टन या गावी झाला. वडील औषधे बनवून विकणारे आणि रोग्यांना सल्ला देणारे होते. म्हणजे खल-बत्त्याचा आवाज ऐकतच मूल वाढले. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७६२ साली, ते स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकायला गेले आणि १७६६ साली डॉक्टर झाले. गंमत अशी की ज्या माणसाचे नाव पुढे एका झाडाशी कायमचे जोडले गेले त्याला विद्यार्थिदशेत वनस्पतिशास्त्राचा कंटाळा होता. वनस्पती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापक पदक देत, पण त्या पदकाचा आपल्याला मोह पडत नाही, असे त्यांनी घरी आईवडिलांना कळवले होते.

पहिला व्यवसाय त्यांनी स्टॅफर्ड या लहान शहरात थाटला. तिथे हेलेना कुक्स नावाची एक तरुणी त्यांची रोगी होती. बरी होत असताना तिला फुलांची चित्रे काढण्याचा छंद लागला. तिच्यासाठी फुले शोधायला डॉक्टर रानोमाळ हिंडू लागले. १७७२ साली दोघांचा विवाह झाला. रानातली भटकंती मात्र थांबली नाही. १७७६ साली त्यांनी ब्रिटनमधील वनस्पतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जे काम पदकासाठी करावेसे वाटले नाही ते प्रेमापोटी झाले.

१७७५ साली बर्मिंगहॅम शहरातले डॉ. विल्यम स्मॉल हे नामवंत वैद्य वारले. त्यांची जागा घ्यावी असे विदरिंगना सुचवले ते इरॅस्मस डार्विन यांनी. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा. बर्मिंगहॅम तेव्हा कारखान्यांचे नवे शहर होते. वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॅट, कारखानदार मॅथ्यू बोल्टन, चिनी मातीच्या भांड्यांचे वेजवूड, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली अशी मंडळी पौर्णिमेच्या सुमारास एकत्र जमत. रस्त्यावर दिवे नसत, तेव्हा चर्चा संपवून चांदण्यात घरी परतता यावे हा त्यातला हेतू. आमच्या गावात वीज येण्यापूर्वी भजनाला जाणारी माणसेही चांदण्या रात्रीच निवडत असे वडील सांगतात. या चांद्रमंडळाचे विदरिंगही सदस्य झाले.

त्याच वर्षी, १७७५ मध्ये, त्यांच्याकडे एक पाककृती अभिप्रायासाठी आली. पाककृती औषधाची होती. अंगात पाणी भरून पाय, पोट सुजण्याच्या रोगावर श्रॉपशायरमधली एक म्हातारी एक काढा देत असे. शिकलेल्या वैद्यांनी हात टेकलेले रोगी कधी कधी तिच्या काढ्याने बरे होत. काढ्याने उलट्या आणि जुलाब जोराचे होत, हेही खरे. त्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. एव्हाना झाडपाल्यात मुरलेल्या विदरिंगना खरे काम करणारी वनस्पती त्यांतली एकच असणार हे ओळखायला वेळ लागला नाही. ती होती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे कोल्ह्याचा हातमोजा. आपल्याकडच्या तिळाच्या फुलासारखी, पण मोठी, जांभळट, ठिपकेदार फुले उंच दांड्यावर ओळीने लागतात. शास्त्रीय भाषेत तिला डिजिटॅलिस म्हणतात.

या म्हातारीचे नाव काय होते? विदरिंगनी ते दिलेले नाही. विसाव्या शतकात एका अमेरिकन औषध कंपनीने जाहिरातीसाठी चित्र काढून घेतले, त्यात तिला एक नाव चिकटवले आणि पुढे अनेक पुस्तकांत ते नाव खरे म्हणून छापले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे. मला मात्र वाटते की त्या बाईला खोटे नाव देण्यापेक्षा तिला बिननावाची राहू द्यावे. गावोगावच्या अशा कितीतरी आज्यांच्या वतीने ती तिथे उभी आहे.

आता खरी कथा सुरू होते. औषध सापडले, पण किती द्यायचे, कोणत्या रूपात द्यायचे, केव्हा थांबायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ही वनस्पती विषारी. थोडी कमी पडली तर गुण नाही, थोडी जास्त झाली तर माणूस दगावतो. या दोन कडांमधली पायवाट शोधण्यात विदरिंगची पुढची दहा वर्षे गेली.

कै. डॉ. स्मॉल गोरगरिबांना रोज एक तास फुकट सल्ला देत. ती प्रथा विदरिंगनी, शहरात गरिबांसाठी रुग्णालय निघेपर्यंत, चालू ठेवली. वर्षाला दोन ते तीन हजार गरीब रोगी त्यांच्याकडे येत. या रोग्यांना त्यांनी फॉक्सग्लोव्ह देऊन पाहिली आणि ती लघवीवाटे अंगातले पाणी जोराने बाहेर काढते हे त्यांच्या ध्यानात आले. पण त्या काळात आपण ती फार मोठ्या मात्रेत दिली आणि फार दिवस चालू ठेवली, अशी कबुली त्यांनीच आपल्या पुस्तकात दिली आहे. चूक कशी झाली तेही सांगितले आहे. समुद्रकांदा नावाचे एक जुने औषध होते, आपल्याकडच्या रानकांद्याच्या कुळातले. त्याने मळमळ सुटली म्हणजे ते चांगले लागू पडले असे समजत. फॉक्सग्लोव्हचेही तसेच असेल असे धरून ते मळमळ सुटेपर्यंत औषध देत राहिले. आणि तास-दोन तासांत इतक्या रोग्यांकडे पाहायचे असताना प्रत्येकाची नोंद ठेवणे जमले नाही, दोन-तीन नोंदी तेवढ्या कागदांत सापडतात आणि त्याही गुण आलेल्यांच्या, असे ते प्रांजळपणे लिहितात.

हा मजकूर वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. कारण त्या तासाच्या रांगेत बसणारी माणसे म्हणजे आम्ही. फुकटच्या दवाखान्यात सकाळपासून बाकावर बसायचे, नंबर आला की दोन मिनिटांत बाहेर यायचे. त्या गरिबांपैकी किती जणांना उलट्या झाल्या, किती जणांची दृष्टी पिवळी झाली, किती जण परत आलेच नाहीत, याची कुठेही नोंद नाही. औषधाचे माप शोधण्याची किंमत आधी त्यांनी मोजली, आणि त्यांची नावे त्या म्हातारीच्या नावासारखीच हरवली. विदरिंगविषयी आदर बाळगतानाही मला ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही. पण हेही तितकेच खरे की ती त्यांनी स्वतःही झाकली नाही. त्यांनी लिहिले नसते तर आज मला ती कळलीही नसती.

पुढे त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. पहिली नोंद ८ डिसेंबर १७७५ ची आहे. सुमारे पन्नास वर्षांचा एक माणूस, पूर्वी घरे बांधणारा, आता परिस्थितीने खालावलेला. श्वास अपुरा, चेहरा ओढलेला, पोटात पाणी, लघवी थोडी. त्याला ताज्या पानांचा काढा दिला. त्याला फार मळमळले, कित्येक दिवस थांबून थांबून मळमळत राहिले, पण पाणी भरपूर गेले, श्वास मोकळा झाला, पोट उतरले आणि दहाएक दिवसांत तो भुकेने जेवू लागला. गुण आला हे लिहिताना त्रास किती झाला हेही विदरिंग लिहितात.

मग एकेक प्रश्न त्यांनी हाती घेतला. झाडाचा कोणता भाग घ्यावा? मुळाचा गुण ऋतूप्रमाणे बदलतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाने बरी, पण तीही केव्हाही तोडलेली चालणार नाहीत. हे झाड पहिल्या वर्षी नुसती पाने धरते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. फुले उमलत असताना तोडलेली पानेच घ्यायची असे त्यांनी ठरवले. देठ आणि मधली शीर काढून टाकायची. उन्हात किंवा विस्तवासमोर कथलाच्या ताटात वाळवायची. काढ्यात उकळण्याचा वेळ कमीजास्त झाला की औषधाची ताकद बदलते, म्हणून काढा सोडून त्यांनी फांट घेतला, म्हणजे पाने उकळत्या पाण्यात नुसती भिजवायची. शेवटी ते चूर्णावर आले, कारण चूर्ण तोलता येते. मोठ्या माणसाला एक ते तीन ग्रेन चूर्ण दिवसातून दोनदा, हे माप त्यांनी दिले. आपल्याकडच्या सराफाची गुंज जवळजवळ दोन ग्रेनची असते. म्हणजे अर्ध्या गुंजेपासून दीड गुंजेपर्यंत. त्या म्हातारीच्या वीस वनस्पतींच्या काढ्यापासून गुंजभर चुर्णापर्यंतचा हा प्रवास दहा वर्षांचा आहे.

मापाहूनही मोलाचा त्यांचा थांबण्याचा नियम. लघवी वाढली, मळमळ झाली, नाडी मंदावली किंवा जुलाब झाले, यांतले कोणतेही एक लक्षण प्रथम दिसले की औषध त्याच क्षणी बंद करायचे. मळमळ सुटेपर्यंत देत राहणे ही आपली जुनी समजूत त्यांनी स्वतःच मोडून काढली. या औषधाचा परिणाम रेंगाळतो, बंद केल्यावरही मळमळ दिवसदिवस उलटून येते, हे त्यांनी पाहिले होते. आज आपल्याला त्याचे कारण माहीत आहे. या गोळीतले अर्धे द्रव्य शरीराबाहेर पडायला सुमारे दीड दिवस लागतो आणि ते मुख्यतः मूत्रपिंडांतून जाते. वयामुळे मूत्रपिंडे मंदावलेली असली तर त्याहून जास्त वेळ लागतो. आज घेतलेल्या गोळीखाली कालची आणि परवाची शिल्लक असते. आमच्या आजीच्या अंगात हीच शिल्लक साठत गेली.

जास्त मात्रेची लक्षणे त्यांनी क्रमाने नोंदवली आहेत. मळमळ, उलटी, जुलाब, भोवळ, नजर धूसर होणे, वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ इतकी मंद होणे, थंड घाम, झटके, मूर्च्छा आणि मृत्यू. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हाला विचारलेला प्रश्न या यादीतूनच आला होता.

पुस्तकातला एक प्रसंग मात्र मी जन्मात विसरणार नाही. यॉर्कशायरच्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडे विदरिंगना बोलावले होते. तो सारखा ओकत होता, नजर अंधुक झाली होती, नाडी मिनिटाला ४०. चौकशी केली तेव्हा कळले की त्याचा दमा बरा व्हावा म्हणून त्याच्या बायकोने फॉक्सग्लोव्हची मूठभर हिरवी पाने पाण्यात शिजवून ते पाणी त्याला दिले होते आणि त्याने ते एका दमात पिऊन टाकले होते. तो थोडक्यात वाचला. विदरिंग त्या बाईवर रागावत नाहीत. औषध तिला माहीत होते, माप माहीत नव्हते, एवढेच ते नोंदवतात. मी त्या बाईच्या जागी स्वतःला पाहिले. तिला वाचता येत नसेल कदाचित. मला येत होते, आणि तरीही आम्हा दोघींची चूक एकच.

१७८५ साली विदरिंगनी फॉक्सग्लोव्हवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ते का लिहिले याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. १७८३ साली ही वनस्पती एडिंबरोच्या अधिकृत औषधसूचीत दाखल झाली होती आणि जो तो डॉक्टर आपल्या अंदाजाने ती देऊ लागला होता. अशा हातांत पडून औषधाने माणसे मरतील आणि मग चांगले औषध बदनाम होऊन फेकले जाईल, अशी त्यांना भीती वाटली. म्हणून त्यांनी हाती होते तेवढे ज्ञान अपुरे असतानाही लोकांसमोर ठेवले. पुस्तकात त्यांनी स्वतः औषध दिलेल्या दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिकती वर्षवार आहेत. बरे झालेले आहेत, न झालेले आहेत, मेलेले आहेत. निवडक यशस्वी हकिकती छापून औषधाचा आणि आपला लौकिक वाढवणे सोपे होते, पण सत्याला ते मानवले नसते, अशी त्यांची भूमिका होती. इतर डॉक्टरांची बरीवाईट पत्रेही त्यांनी जोडली. औषधाची पारख करायची तर अपयशही मोजले पाहिजे, ही गोष्ट आज शास्त्राचा नियम आहे. त्या काळी ती एका माणसाची सवय होती.

थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याला देव करू नये असे आमचे इतिहासाचे सर सांगतात. विदरिंगना हे औषध मूत्रपिंडांवर काम करते असेच मुख्यतः वाटत राहिले. हृदयाच्या गतीवर त्याची विलक्षण सत्ता चालते हे त्यांनी नोंदवले, पण सुजेचे मूळ अनेकदा थकलेल्या हृदयातच असते हा दुवा त्यांना नीट जुळवता आला नाही. ज्या इरॅस्मस डार्विन यांनी त्यांना बर्मिंगहॅमला आणले त्यांच्याशीही पुढे वितुष्ट आले. १७८० साली डार्विन यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या प्रबंधासोबत फॉक्सग्लोव्ह दिलेल्या रोग्यांच्या हकिकती छापल्या आणि त्यांत विदरिंगचे नाव घेतले नाही. पुढे भांडण विकोपाला गेले आणि मैत्री संपली. मोठ्या माणसांचीही बांधावरून भांडणे होतात, फक्त त्यांचा बांध वेगळा असतो.

१७८५ सालीच ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. खनिजांचाही त्यांचा अभ्यास होता. बेरियमच्या एका खनिजाला त्यांच्यावरून विदराइट हे नाव मिळाले आहे. १७९१ च्या जुलैत बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेणाऱ्या प्रीस्टलींचे घर जमावाने जाळले आणि विदरिंगच्या घरावरही जमाव चालून आला. सैन्य येऊन पोहोचल्यावर शहर शांत झाले. याच काळात त्यांच्या छातीचा विकार बळावला. हिवाळ्यातली थंडी सोसेना म्हणून दोन हिवाळे त्यांनी पोर्तुगालमध्ये काढले, आणि तिथेही स्वस्थ न बसता गरम पाण्याच्या झऱ्याचे पृथक्करण केले. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमधल्या त्यांच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्हची फुले कोरलेली आहेत.

त्यांच्यामागे त्यांना वाटलेली भीती खरी ठरली. डॉक्टरांनी औषध घेतले आणि सावधगिरी सोडली. क्षयापासून तापापर्यंत वाटेल त्या रोगावर, मोठमोठ्या मात्रेत ते देऊ लागले. १९३० साली या कुळातल्या दुसऱ्या एका जातीच्या पानांतून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले गेले आणि पानाची जागा गोळीने घेतली. तरीही किती द्यावे हा प्रश्न संपला नाही. १९९७ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ६८०० रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना डिगॉक्सिन आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. डिगॉक्सिनने मृत्यूंची संख्या कमी केली नाही, मात्र हृदय थकल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी लोकांवर आली. त्या आकड्यांचा पुढे आणखी अभ्यास झाला तेव्हा रक्तात हे द्रव्य थोडे असलेले बरे, जास्त असणे धोक्याचे, असे दिसून आले. म्हणून आज इतर औषधांनंतर, निवडक रोग्यांना आणि लहान मात्रेत ते देतात. दोनशे वर्षांनी शास्त्र पुन्हा विदरिंगच्याच वाटेवर आले : कमी द्या, लक्ष ठेवा, वेळेवर थांबा.

औषध शोधणाऱ्यांची नावे आपण पाठ करतो. पण सापडलेले औषध कोणाला, किती, किती दिवस द्यायचे हे शोधणेही तितकेच मोठे काम आहे. त्याला चमत्काराचे तेज नसते. ते वहीत नोंदी करण्याचे काम आहे, आणि त्या वहीत आपली चूक आपल्याच हाताने लिहावी लागते. म्हणून मी माझी चूक इथे लिहिली आहे. हा अंक गावी जाईल तेव्हा ती वडिलांनाही कळेल. आजवर त्यांची समजूत अशी आहे की गोळीच वाईट होती.

गोळी वाईट नव्हती. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली आहे, अर्धी, आणि आठवड्यातले पाच दिवस. आजीला वाचता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दर आठवड्याच्या पाच दिवसांवर कुंकवाचे बोट लावते आणि दोन दिवस कोरे ठेवते. शनिवार मारुतीचा, रविवार बाजाराचा, त्या दिवशी गोळी नाही, हे तिला आता पाठ झाले आहे. खाली एका ओळीत मी तिची नाडी लिहिते. मिनिटाला साठाच्या खाली गेली तर गोळी न देता विचारायला या, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आणि चिठ्ठीवर न कळलेले एखादे अक्षर दिसले की मी आता काउंटरवरून हलत नाही. मागच्या रांगेतली माणसे कुरकुरतात, तरी विचारते. शिकलेल्या माणसाने न कळलेले विचारावे, एवढे या शिक्षणाने मला दिले.